सातव्या पायरीवरचा प्रेक्षक

डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात एक पायरी आहे. खालून मोजली तर सातवी. भारतानं जिंकलेल्या बहुतेक मोठ्या सामन्यांच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका या पायरीवर बसलेले असतात. घरात टीव्ही आहे. चांगला मोठा आहे, त्याचे हप्तेही फिटलेत. पण सामना रंगात आला की काका उठतात, पायात चपला सरकवतात आणि दार ओढून घेऊन बाहेर जातात. आता त्यांना कुणी घालवत नाही. १९९८ पर्यंत घालवावं लागायचं.

काका एका बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांच्या क्रिकेटवेडाबद्दल इमारतीत दुमत नाही. संघ अकरा जणांचा असतो, बारावा पाणी नेतो आणि तेरावा डोंबिवलीत जिन्यात बसतो, असा त्यांचा साधा हिशेब. मतं विचाराल तर भरपूर. फक्त एक अडचण आहे. ज्या ज्या प्रसंगांबद्दल त्यांची मतं सगळ्यात ठाम आहेत, त्यांतला जवळजवळ एकही त्यांनी पाहिलेला नाही.

सुरुवात १९८३ पासून. काका तेव्हा गिरगावात चाळीत राहायचे, बँकेत नुकतेच लागले होते. मजल्यावर टीव्ही एकच, त्यासमोर अख्खा मजला. २५ जूनला लॉर्ड्सवर, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, भारत १८३ धावांत गारद झाला. समोर ग्रीनिज, हेन्स, रिचर्ड्स, लॉईड. काकांनी ‘संपलं’ असा निकाल दिला, आमटीभात जेवले आणि खोलीत जाऊन झोपले. जाग आली ती फटाक्यांनी. वेस्ट इंडीज १४० धावांत बाद झाले होते. मधला दिवस रविवारचा, त्यामुळे ऐकायला आणि वाचायला वेळ मिळाला. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल कपिलदेवनं मागं धावत कसा घेतला, याचं प्रात्यक्षिक काकांनी सोमवारी बँकेत, कॅश काउंटर आणि लेजरच्या कपाटामधल्या बोळात करून दाखवलं. हातातलं लेजर पडलं, झेल सुटला नाही.

पुढची नोंद १८ एप्रिल १९८६ ची. शारजात पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना. काका पहिल्या चेंडूपासून मांडी घालून बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या, हातात एकच गडी, चेंडू चेतन शर्माच्या हातात आणि बॅट जावेद मियाँदादच्या. पुढचं सांगायला नको. मोठा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत जागेवर बसून पाहण्याची काकांची ती पहिलीच वेळ. आता, १९८३ ला झोपले तर जिंकलो आणि १९८६ ला जागे राहिले तर हरलो. नोंदी दोनच, पण बँकेतल्या माणसाला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू सापडल्या की खातं जुळल्यासारखंच वाटतं.

तिसरी नोंद काकूंनी केली. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेविरुद्ध भारत ९८ वर १ बाद आणि सचिन पासष्टवर खेळत होता. काका ऑफिसातून आले, बूट काढले, मोज्यांसकट सोफ्यावर बसले. सचिन यष्टिचीत. त्यानंतर जी पडझड झाली ती १२० वर ८ बाद, मैदानात बाटल्या, स्टँडमध्ये जाळपोळ आणि विनोद कांबळीच्या डोळ्यांतल्या पाण्यापर्यंत पोचली. काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या सामन्यात सचिन खेळायला आला तसं त्यांनी आतून सांगितलं, “अहो, जरा कोथिंबीर आणता?” फ्रिजमध्ये दोन जुड्या होत्या.

दोन वर्षं काका कोथिंबीर, दही, इस्त्रीचे कपडे अशा कामांवर फिरले. १९९८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा शारजा. २२ तारखेला वाळूचं वादळ आलं आणि त्याच सामन्यात सचिननं १४३ केल्या. काका तेव्हा पिठाच्या गिरणीत होते. २४ तारखेला, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी अंतिम सामना, आणि सगळ्या गिरण्या बंद व्हायची वेळ. काका जिन्यात बसले. पायरी मोजली. सातवी. सचिननं १३४ केल्या, भारत जिंकला आणि काकांच्या कारकिर्दीला कायमची जागा मिळाली.

या दोन डावांबद्दल काका इतकं बारकाईनं बोलतात की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत वाळू जाते.

न पाहिलेल्या गोष्टीवर बोलताना त्यांच्या वाणीला जी धार येते तिचा उत्तम नमुना म्हणजे टनब्रिज वेल्स. १८ जून १९८३, झिम्बाब्वेविरुद्ध भारत १७ वर ५ बाद आणि तिथून कपिलदेव नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रीकरण नाही. काकांच्या दृष्टीनं हा आदर्श सामना. कुणाकडेच कॅसेट नाही, त्यामुळे ‘तुम्ही कुठं पाहिलंत?’ असं विचारायची कुणाची टाप नाही. २०२१ च्या डिसेंबरात ‘८३’ हा चित्रपट आला, त्यात रणवीर सिंगनं ती खेळी पडद्यावर केली. काका मध्यंतरात म्हणाले, “तिसरा षटकार असा नव्हता.”

भाऊसाहेब निंबाळकरांच्या बाबतीत तर ते जन्माच्याही मागं जातात. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले. त्या वेळचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, ४५२. तेवढ्यात प्रतिपक्षाचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढं खेळायलाच नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध हा विक्रम नोंदला जावा हे त्यांना मानवेना. सामना तिथंच सुटला. निंबाळकरांना पुढं कसोटी सामना कधीच मिळाला नाही, हे काका आवाज खाली आणून सांगतात. पण त्यांची खरी तडफड त्या नऊ धावांसाठी असते. बँकेत हिशेबात नऊचा, किंवा नवानं भाग जाणारा फरक आला की जुना कारकून आधी एकच गोष्ट तपासतो: कुठंतरी आकडे उलटे पडलेत का, ५४ चे ४५ झालेत का. काकांना अजूनही आतून वाटतं की त्या दिवशीचं स्कोअरबुक कुणीतरी शांतपणे पुन्हा तपासायला हवं होतं.

क्रिकेटपुरतंच असतं तर चाललं असतं. काका नाटकवालेही आहेत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोघांच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, आणि दोन्हींकडे जीव टाकणारे चाहते. म्हणजे मुंबई आणि चेन्नई एका संघात खेळल्यासारखंच. त्या रात्री कोण सरस ठरलं, यावर महाराष्ट्रातली दोन-तीन पिढ्यांची जेवणं गार झाली. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, त्यामुळे परतीचा सामना झालाच नाही. काका केशवरावांच्या पक्षाचे. प्रयोग काकांच्या जन्माआधी सदतीस वर्षं झालेला, पण तिसऱ्या अंकात प्रेक्षक कुठल्या बाजूला कलले ते काका हातानं दाखवतात.

उलट जे नाटक ते स्वतः, तिकीट काढून, सावित्रीबाई फुले कलामंदिरात पूर्णवेळ बसून पाहतात, त्याबद्दल त्यांचं मत दोन वाक्यांत संपतं. “बरं होतं. वडा गार होता.” नाटकातून उठून जिन्यात जाऊन बसता येत नाही, हे त्यामागचं कारण असावं.

पायरीवरून सामना कसा कळतो, असं नवखा माणूस विचारतो. पूर्वी सोपं होतं. सगळ्यांकडे एकच केबलवाला, इमारत एका दमात ओरडायची. आता तसं राहिलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर केबल, समोरच्या बिऱ्हाडात छतावरची डिश, तळमजल्यावरची पोरं मोबाईलवर, आणि प्रत्येकाकडे चित्र वेगवेगळ्या वेळी पोचतं. मोबाईलवालं सगळ्यात शेवटी, कधीकधी अर्ध्या मिनिटानं. त्यामुळे काकांच्या पायरीवर एकच विकेट तीनदा पडते. आधी दुसरा मजला ओरडतो, मग समोरचे, आणि काकांना सगळं कळून चुकल्यावर तळमजल्यावरून आरोळी येते. काकांनी याचा व्यवस्थित अभ्यास केलाय. आरोळीचा सूर चढता असेल तर चौकार, तुटक असेल तर झेल उडालाय, आणि ‘अरेरेरे’ आलं तर आपला फलंदाज. तळमजल्यावरच्या पोरांना काका षटकाराची बातमी चेंडू पडायच्या आधी देतात. पोरांना ते सिद्धपुरुष वाटतात.

२ एप्रिल २०११ ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर नाणेफेकच दोनदा करावी लागली, कारण गर्दीच्या आवाजात संगकाराचा कौल ऐकू आला नव्हता. काकांना हे फार पटलं. आवाजावरून निकाल ठरवण्यात किती धोका असतो हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. २७५ चा पाठलाग सुरू झाला आणि दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला. काका तेव्हा उंबऱ्यात होते, एक पाय आत, एक बाहेर. काकूंनी नुसतं वर पाहिलं. सचिन १८ वर गेला तेव्हा ते पायरीवर होते, म्हणजे तो दोष मलिंगाचा. पुढं गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ काकांनी कानांनी पाहिल्या. कुलसेकराला मारलेला तो षटकार जगानं डोळे भरून पाहिला. काकांनी दुसऱ्या मजल्याचं दार आपटून उघडल्याचा आवाज ऐकला आणि एक तिऱ्हाईत माणूस येऊन त्यांच्या गळ्यात पडला. कुरियरवाला होता. पार्सलावर सही घ्यायची तेवढी राहून गेली.

नियम एकदाच मोडला. १९ नोव्हेंबर २०२३, विश्वचषकाचा अंतिम सामना. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, डब्यात तळाचा चिवडा, घरी मेहुणे मुक्कामाला. भारतानं त्या स्पर्धेत सलग दहा सामने जिंकले होते, दहाच्या दहा काकांनी पायरीवर काढले होते. काकूंनाच दया आली. “आज बसा हो. इतकं जिंकलोय, आता काय होतंय?” काका बसले. रोहित सत्तेचाळीसवर असताना हेडनं मागं धावत तो झेल घेतला. काका उठलेच होते, पण मेहुण्यांनी हात धरला. “अहो, शिकलेसवरलेले ना तुम्ही? ही अंधश्रद्धा आहे.” कमिन्सनं कोहलीचा त्रिफळा उडवला तेव्हा अहमदाबादच्या मैदानात जी शांतता पसरली, तीच डोंबिवलीतल्या त्या हॉलमध्ये. आपण २४०, हेडच्या १३७, ऑस्ट्रेलिया सहा गड्यांनी विजयी. मेहुण्यांना त्यानंतर घरच्या लग्नाचं आमंत्रण गेलं. सामन्याचं गेलेलं नाही.

काकांची मतं टिकाऊ असतात असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हेच, हे मत २००८ पासून दर एप्रिलात नव्यानं जाहीर होतं. तरी भिंतीवरच्या कालनिर्णयात, ‘दूध नाही’, ‘गॅस आला’ यांच्या शेजारी बारीक अक्षरात ‘मुं. हरले’ असं दिसतं. अडीच मिनिटांच्या त्या डावपेचाच्या विश्रांतीत कसले डावपेच ठरतात, जाहिरातीच तर दाखवतात, असं काका म्हणतात, आणि तेवढ्या वेळात चहा टाकून येतात. २०२४ च्या हंगामासाठी मुंबईनं रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार नेमलं. पाच वेळा करंडक आणून दिलेल्या माणसाला! वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी पंड्याची हुर्यो उडवली. काकांनी तर महिनाभर त्याचं नाव उच्चारलं नाही, ‘तो’ म्हणत. मुंबई तळाला, दहावी. कालनिर्णयात मे महिन्यात नुसत्या फुल्या.

मग २९ जून उजाडला, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. ब्रिजटाऊनला दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या आणि क्लासेन सुटला होता. काका पायरीवर डोकं धरून. क्लासेनला पंड्यानं काढलं. दुसरा मजला ओरडला, काका उठून उभे राहिले. शेवटच्या षटकात १६ हव्यात, चेंडू पुन्हा पंड्याकडे, मिलरनं उंच मारला, आणि सीमारेषेवर सूर्यकुमारनं चेंडू आत पकडला, वर उडवला, बाहेर जाऊन आत आला आणि पुन्हा पकडला. पायरीवरून याचा अर्थ लागणं केवळ अशक्य होतं. दुसरा मजला आधी हळहळला, मग किंचाळला, मग गप्प झाला, मग एकदम फुटला. काकांच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासात ही आरोळी बसत नव्हती. ते मनाचा हिय्या करून तीन पायऱ्या वर चढले, आणि पुन्हा खाली येऊन बसले. भारत सात धावांनी जिंकला. “पंड्या आपला पहिल्यापासून दबावाखाली खेळणारा पोरगा,” काका रात्री म्हणाले. काकूंनी कालनिर्णयाचं पान मे महिन्यावर उलटून दाखवलं. काकांनी ते सरळ केलं.

४ जुलैला मरीन ड्राइव्हवर विजययात्रा होती. काका दुपारचीच लोकल पकडून चर्चगेटला गेले. म्हणाले, सामना संपलाय, आता पाहायला हरकत नाही. त्यांनी काय पाहिलं? तीन तास एका निळ्या टी-शर्टची पाठ, तिच्यावर १८ आकडा. बस आल्याचं आरोळीवरून कळलं. बस गेल्याचंही. गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर चपलांचे ढीग उरले होते, त्यांत काकांची डावी होती. ती सापडली नाही. दुसऱ्या कुणाची तरी, एक नंबर मोठी, घालून ते घरी आले आणि रोहितच्या चेहऱ्यावरचा भाव कसा होता ते जेवताना सांगितलं.

आता याच माणसाची दुसरी बाजू. काका मालिका पाहत नाहीत. हे ते स्वतः सांगतात, न विचारता सांगतात. संध्याकाळी काकू टीव्हीसमोर शेंगा सोलत बसतात तेव्हा काका मागं डायनिंग टेबलाशी पेपर उघडून बसतात. पेपर सकाळचा, पान तेच, अर्धा तास. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ पासून पुढची चार-साडेचार वर्षं चालली, ती काकांनी पाहिली नाही. पण त्यातल्या राधिकानं मसाल्यांचा एवढा थोरला उद्योग उभा केला, तेव्हा पेपराआडून आवाज आला, “खेळतं भांडवल कुठून आलं? तारण काय ठेवलं?” गुरुनाथ पुन्हा नोकरीला लागला त्या दिवशी काकांना त्याच्या भविष्य निर्वाह निधीची काळजी लागली. मालिकेतलं लग्न लांबतं तशी त्यांची चिडचिड वाढते. काकू एकदाच म्हणाल्या, “सचिननं नव्व्याण्णवावं शतक १२ मार्च २०११ ला नागपूरला केलं. शंभरावं व्हायला १६ मार्च २०१२ उजाडलं, तेही बांगलादेशात, आणि सामना हरलो. तेव्हा तुम्ही वर्षभर थांबलात ना? मग हिचं लग्न होईपर्यंत थांबा.”

काकूंना तारखा पाठ असतात. त्यांनी सगळं पाहिलंय, हे कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. टनब्रिज वेल्स सोडून मोठं म्हणावं असं काही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही: मियाँदाद, ईडन, वाळूचं वादळ, धोनी, सूर्यकुमार. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग पाहिले, तेही. सचिनचे आंतरराष्ट्रीय सामने, कसोटी, एकदिवसीय आणि एक टी-ट्वेंटी मिळून, ६६४ होतात, आणि त्यानं शाळेत कांबळीबरोबर केलेली भागीदारीही ६६४ चीच, हे काकांना त्यांनीच दाखवून दिलं. काकांनी दोन दिवस बेरीज तपासली. एवढं पाहूनही काकूंची मतं मोजकीच. “चांगला खेळला” किंवा “आज काही खरं नव्हतं.” बस्स.

कबड्डीबद्दल मात्र काकांना बोलायचा अधिकार आहे, कारण ती ते खेळलेत. गिरगावात मंडळाकडून, मातीत, अनवाणी. त्यामुळे २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हा गादीसारखी मॅट, पायात बूट आणि चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ पाहून त्यांचा जीव गलबलला. “आमच्या वेळी दम हेच घड्याळ होतं.” कोपरारक्षकानं पट काढला की ते अजूनही खुर्चीत पाय आखडून घेतात. हा एकच खेळ ते टीव्हीसमोर बसून, सलग, न उठता पाहतात. आणि याबद्दल त्यांचं मत काय? खेळ संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द निघत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता, डोंबिवलीपासून तसा जवळच. पावसानं दोन तास उशीर केला. काकांचं सगळं लक्ष प्रशिक्षकावर, अमोल मुजुमदारवर. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन-कांबळी ती ६६४ ची भागीदारी रचत होते तेव्हा शारदाश्रमचा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो मुलगा. पुढं रणजीत मुंबईसाठी धावांचे डोंगर रचले, भारताची टोपी मिळाली नाही. पॅड बांधून बाहेर बसणाऱ्याचं दुःख काका जाणतात. उपांत्य फेरीत जेमिमानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ चा पाठलाग पुरा केला, त्या रात्री काका पायरीवर होते. अंतिम सामन्याला पायरी ठरलेलीच होती. शेफालीच्या ८७ झाल्या, मग दीप्तीनं एकामागून एक बळी घेतले. मध्यरात्र झाली. दुसऱ्या मजल्यावरचे लोक दमून झोपले होते, समोरच्यांची वीज गेली होती. काका पूर्ण अंधारात, कसलाही आवाज नाही.

“अगं,” काकांनी दाराच्या फटीतून हाक मारली, “झालं का?”

आतून उत्तर नाही. थोड्या वेळानं दार उघडलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“जिंकल्या. बावन्न धावांनी. हरमननं घेतला शेवटचा झेल.”

“कसा?”

“चांगला घेतला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीप्रभू चौकात, चहाच्या टपरीसमोर, काका दोन पावलं मागं सरकत, मान वर करून, हात उंचावून हरमनप्रीतचा झेल दाखवत होते. सात-आठ जण जमले होते. काकू भाजी घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि काकांचा उजवा हात कोपराशी धरून थोडा वर केला.

“एवढा,” म्हणाल्या, आणि पिशवी उचलून पुढं गेल्या.